दर शनिवारी युरोप

आज फ्रान्स होतं. टेबलावर चौकटीचं कापड, दोन मेणबत्त्या, आणि मोबाइलमधून कुणीतरी बाई लाडिक आवाजात गात होती. बायकोने कांद्याचं सूप समोर ठेवलं. वर भाजलेल्या पावाचा तुकडा, त्यावर वितळलेलं चीज.

"कसं झालंय?"

"बरंय," लिफ्टवाला म्हणाला.

"बरंय म्हणजे काय? काय कमी पडलं ते सांगा ना."

"काही नाही. भूक नाही." त्याने अर्धा वाडगा बाजूला सरकवला. तिचा चेहरा पडला. एवढ्याशा सुपासाठी इतकं काय मनाला लावून घ्यायचं, ते त्याला कळेना.

हा गडी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करत आलेला. विसाव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर बसून खुशाल डबा खायचा, पण विमान म्हटलं की त्याच्या पोटात गोळा. लग्न ठरलं तेव्हा बायकोला युरोप दाखवायचं कबूल करून बसला होता. मग दर वर्षी काही ना काही निघायचं. कधी गुडघा दुखायचा, कधी कंपनी रजा द्यायची नाही. शेवटी तीच एकदा म्हणाली, "राहू द्या. तुम्ही तिकडे येत नाही, तर मी युरोपच घरी आणते."

याने मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास सोडला. तेव्हापासून दर शनिवारी कधी इटली, कधी स्पेन. पहिले काही शनिवार मजेत गेले. घरच्या कपड्यांत, पाय वर घेऊन युरोप. आणखी काय हवं माणसाला?

पण मग डोक्यात किडा शिरला. जिला पोळी सोडून काही लाटता येत नव्हतं ती आता झरझर पास्ता लाटत होती. कुठे शिकलीस म्हटलं तर म्हणे, व्हिडिओ बघून. व्हिडिओ बघून लिफ्ट दुरुस्त केलेला एकही माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता.

संध्याकाळी घरी यावं तर ओट्यावर धुऊन पालथे घातलेले दोन ग्लास. फोन वाजला की ती गॅलरीत जाऊन बोलायची. वेणी घालताना तोंडातल्या तोंडात कसली तरी परकी वाक्यं घोटायची.

"काय पुटपुटतेस?"

"टेबल किती जणांसाठी हवंय, असं विचारतात तिकडे."

"आपलं तर दोघांचंच आहे."

ती हसली. ते हसू त्याला मुळीच आवडलं नाही. त्या रात्रीची इटलीही त्याने अर्धी ताटात टाकली.

त्याने थोरल्या बहिणीला फोन केला.

"अरे, बायको मेणबत्त्या लावून जेवायला वाढते, तरी तुझी कुरकुर?" ताई म्हणाली. "नशीब काढलंस." मग तिनेच विचारलं, "दुपारी कुणी येतं का रे घरी?"

झालं. तेवढं पुरलं. ही बाई हातची गेली तर आपलं काय होईल, या विचाराने त्याची झोप उडाली. भांडायलाही तिच्याशिवाय त्याला कोण होतं?

मंगळवारी भर दुपारी तो काम अर्ध्यावर टाकून घरी आला. दाराबाहेर काळे, जाडजूड बूट. बायकोच्या पायाच्या दीडपट. आतून जाड आवाज आला, "घाबरतेस कशाला? त्याला इतक्यात काही कळायला नको, एवढंच बघ."

त्याने किल्ली फिरवली आणि तो तसाच स्वयंपाकघरात घुसला.

ओट्याशी साठी उलटलेली एक धिप्पाड बाई उभी होती. बाह्या सरसावलेल्या, कमरेला एप्रन, पायांत लोकरीचे मोजे.

"या माझ्या बाई," बायको कशीबशी म्हणाली. "मला शिकवायला येतात."

बाईंनी अर्धं आयुष्य तिकडे युरोपात एका हॉटेलचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं. आता ते भाची चालवत होती. दारातले बूटही बाईंचेच. दिवसभर उभं राहायचं तर असलेच बूट लागतात, म्हणाल्या.

लिफ्टवाला मटकन खुर्चीत बसला. हसावं की रडावं, त्याला कळेना. काय काय चित्रं रंगवली होती आपण! स्वतःचीच लाज वाटली त्याला.

"आलाच आहात तर जेवा," बाई म्हणाल्या.

"आज नको, बाई," बायको घाईघाईने म्हणाली.

"का नको?" तो म्हणाला. "वाढ गं. सपाटून भूक लागलीय."

वाइनमध्ये मुरवून शिजवलेली कोंबडी होती, लोण्यात परतलेले बटाटे होते. कितीतरी दिवसांनी त्याला अन्नाची चव लागली. त्याने दुसऱ्यांदा मागून घेतलं. उरलासुरला रस पावाने पुसून खाल्ला, बोटं चाटली.

"बाई, पोटातून सांगतो," तो म्हणाला, "तुमची ही शिष्या जगात कुठेही उभी राहील. माझंच चुकलं. उगीच नाक मुरडत बसलो इतके दिवस."

बायकोचे डोळे भरून आले. आनंदाने आले, असं त्याला वाटलं. त्याने तिचा हात हातात घेतला. केवढा गार होता तो.

बाईंनी आधी ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पाहुणे काय, कशालाही वाहवा म्हणतात. घरातलं तिरसट माणूस ताट पुसून खाईल, तेव्हा तू तयार. असंच ठरलं होतं ना आपलं?"

बायकोने मान डोलावली. नवऱ्याकडे मात्र तिने पाहिलं नाही.

बाईंनी एप्रनला हात पुसले आणि भाचीला फोन लावला.

"हां, ऐक. तुझ्या स्वयंपाकघराची काळजी मिटली. पुढच्या महिन्यात पाठवते. हो, कायमचीच म्हणाली आहे... नाही गं, नवरा नाही. एकटीच येईल."