पेडल दाबायला

आठवडाभर नवरा-बायकोत अबोला होता आणि आधी कोण वाकतंय याची दोघंही वाट बघत होती. त्या संध्याकाळी अंगणात जीपच्या चाकाशी खटपट करणाऱ्या नवऱ्यानं शेवटी हाक मारलीच, "अगं, ब्रेक स्पंजासारखा लागतोय. जरा पेडल दाबायला येतेस का?"

'आली स्वारी वठणीवर! म्हणे पेडल!' ती गालातल्या गालात हसली आणि तिनं मिक्सर लावला. बोलायला निमित्तं कसली शोधतोय, सरळ 'चुकलो' म्हणू दे की. त्यानं आणखी एकदा हाक मारली, मग पाना आपटला.

सकाळी तो तसाच कामावर गेला. खाणीच्या उतारावर जीप थांबलीच नाही.

महिन्याभरानं तिचा मेकॅनिक दीर मोडकी जीप तपासून आला आणि डोकं धरून बसला. "लायनीत नुसती हवा शिरली होती, वहिनी. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी हवा सोडायची, संपलं काम. एकट्याला जमत नाही, एवढंच."



"पण आमचा दादा पडला मानी! जीव गेला तरी कुणाला हाक नाही मारायचा."