जेवणाची वेळ

बाबांची दाढ काढावी लागली, तेव्हा धाकट्या लेकीने ती हट्टाने आपल्या प्रयोगशाळेत नेली. "दाढेलाही नोकरी लावलीस की!" बाबा हसले होते.

दाढेच्या मुळाला चिकटलेल्या मूळपेशी तिने काचेच्या डिशमध्ये वाढवल्या. दाताला हाडाशी बांधून ठेवणारे धागे विणायचे, हे त्यांचं काम. बाबा जाऊन चार महिने झाले. पेशी मात्र वाढतच होत्या.

रोज दुपारी एकला त्या पेशींचा पातळ पडदा आवळायचा, सैल व्हायचा, पुन्हा आवळायचा. वीसेक मिनिटं असं चालायचं, मग सगळं शांत. तिने डिश बदलली, पेशी ठेवायचं उबदार कपाट बदललं. वेळ काही बदलली नाही.

आज मात्र साडेअकरालाच सुरू झालं. मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढता तिने आईला फोन लावला.

"काय करतेस गं आई?"

"जेवायला बसलेय. रोज एकला बसते, पण आज भूक लवकर लागली."

बाबा एकेक घास या पडद्याच्या लयीतच सावकाश चावायचे. "तुमचं होईपर्यंत संध्याकाळ होईल," आई करवादायची. लेकीला भीती वाटली नाही. झोपेत कुणी पांघरूण घालावं, तसं वाटलं.

"आई, एकटीच आहेस ना?"

पडदा आवळला आणि तसाच थांबला.

"अगं, जरा गप्प बस," आई पलीकडून कुजबुजली. "तुझा आवाज ऐकून ह्यांनी घास तोंडातच धरून ठेवलाय."