बाळू आल्याशिवाय नाही

आवडाबाई शेवटी घराबाहेर पडल्या. पण हे वाचलंच नाही असं समजा. त्या दुपारी अक्षदाला ते माहीत नव्हतं, आणि तिला जे माहीत नव्हतं ते आपल्याला माहीत असणं बरं दिसत नाही.

त्या दुपारी आवडाबाई उंबऱ्यावर बसून होत्या. घरामागे खाडी फुगत होती. चक्रीवादळ आणि उधाण एकाच मुहूर्तावर येणार होतं, आणि ठाण्यातल्या कोळीवाड्याची ही गल्ली रिकामी करायचं काम पालिकेने अक्षदाला दिलेलं. सगळी घरं रिकामी झाली होती. हे एक सोडून.

"मावशी, चला ना. पाणी पायरीला लागलंय."

"तू जा. माझं मांजर टाकून मी नाय येणार."

"टाकायला कोण सांगतंय? या वेळी निवाऱ्याच्या शाळेत जनावरंही चालतात. टोपलीत घालायचं, गळ्यात नावाची चिठ्ठी, सोबत थोडं खाणं. बस."

"हाय कुठं ते? सकाळपासून गायब हाय."

अक्षदा पहाटे ठाकुर्लीहून निघालेली. सकाळपासून तिने दोन कुत्री, एक पोपट आणि एक बकरी टेम्पोत चढवली होती. बकरीने वाटेत तिचा रेनकोट खाल्ला. आता राहिलं मांजर.

"नाव काय त्याचं?"

आवडाबाईंनी थोडा विचार केला. "बाळू."

"रंग?"

"काळा."

"खातो काय? म्हणजे काहीतरी दाखवून बोलावता येईल."

"भाकरी."

कोळीवाड्यातलं मांजर, आणि मासळी सोडून भाकरी. अक्षदाने मान डोलावली. जगात बकऱ्या रेनकोट खातात.

ती होडीखाली वाकली, जाळ्यांच्या ढिगात शिरली, पत्र्यावर चढली. भर पावसात 'बाळू, बाळू' करत गल्लीभर फिरली. एका दारामागून बेडूक निघाला, तोही लगेच परत गेला.

"समोरच्या दामाजीकाकांना विचारू का? त्यांना माहीत असेल."

आवडाबाईंचा चेहरा आक्रसला. "ते नाव मी तोंडानं घेत नाय."

"बरं बाई."

"सकाळी पयल्या टेम्पोत गेले. मांजर मांडीवर घेऊन! या दाराकडे वळून बघितलंसुद्धा नाय."

अक्षदाने ओळखलं. जुनं वैर. मासळी सुकवायच्या जागेवरून असणार, नाहीतर एवढं कशाला पेटतं? तिने ड्रायव्हरच्या हातापाया पडून आणखी एक फेरी कबूल करून घेतली आणि माजिवड्याच्या शाळेत गेली.

दामाजी सहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले होते. बाजूला मासळीची टोपली, वर जाळं बांधलेलं, आत शेवंती नावाचं पांढरं मांजर. शेवंती सुका बोंबील खात होती. दामाजी काहीच खात नव्हते.

"काका, आवडाबाई घर सोडत नाहीत. मांजराशिवाय येणार नाही म्हणतात."

"मांजराशिवाय?" दामाजी सावकाश म्हणाले. "असं म्हणाली?"

"हो. तुम्ही चला माझ्याबरोबर. गल्ली तुमच्या ओळखीची आहे."

"त्या दाराला मी जात नाय."

"काका, भांडण नंतर करा ना. बाई बुडेल तिथे!"

"पाणी कुठवर आलंय?"

"पायरीला."

"धाप लागलीय का तिला?"

"थोडी."

दामाजींनी टोपलीवरचं जाळं सोडलं. "शेवंतीचा फोटो काढ. तिला दाखव. सांग, तुझंच मांजर हाय, शाळेत सुखरूप हाय."

"खोटं बोलू?"

"मी सांगतोय ना? बोल."

अक्षदाने फोटो काढला. म्हाताऱ्या बाईला फसवायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण तिच्या जिवावर त्या दिवशी इतकं काही आलं होतं की हे मागे रांगेत उभं राहिलं.

तोवर पाणी उंबऱ्याला टेकलं होतं. आवडाबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"हाच माझा बाळू."

"काळा म्हणाला होतात ना, मावशी?"

"पावसात धुतला असंल." त्यांनी फोन परत दिला. "कोणाकडे मिळाला?"

"समोरच्यांकडे. ते म्हणाले, तुमचंच आहे."

"तोंडानं म्हणाले?"

"हो."

"परत सांग."

"म्हणाले, तुमचंच मांजर आहे!"

आवडाबाई उठल्या. दारामागे गाठोडं बांधून तयार होतं.

शाळेत त्या थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. मधे टोपली, पलीकडे दामाजी. बाहेर वारा पत्रे वाजवत होता. आवडाबाई शिंकत राहिल्या, अधूनमधून दम्याचा पंप ओढत राहिल्या. दर वेळी दामाजी टोपली वीतभर स्वतःकडे ओढायचे, आणि दर वेळी आवडाबाई वीतभर त्यांच्याकडे सरकायच्या. अक्षदा भिंतीला टेकून उभ्याउभ्याच झोपली.

सकाळी भोंग्यावरून घोषणा झाली. वादळ गुजरातकडे वळलं होतं, लोकांनी आपापल्या घरी जावं. वर्गात टाळ्या पडल्या. दामाजींनी टोपली उचलली.

"मावशी," अक्षदा घाईघाईने म्हणाली, "बाळूला तुम्ही घेऊन जा ना!"

"कोण बाळू?" लाल डोळे पुसत आवडाबाई म्हणाल्या. "मांजराच्या केसानं माझा दमा उठतो. मी कशाला मांजर पाळू? तू एक काम कर, पोरी. तुझ्या मोठ्या साहेबांना माझा अर्ज सांग. वादळ वळल्यामुळे माझा नवरा मांजर घेऊन परत समोरच्या खोलीत राहायला चाललाय. तरी सदर वादळ तातडीने माघारी बोलावण्यात यावं, ही नम्र विनंती."