बारापैकी बारावी

"बारावी प्रत विकायची नाहीये, भावोजी," मेहुणी म्हणाली आणि पुन्हा कात्री चालवू लागली.

वकीलसाहेब हसले. 'नाही' हा शब्द त्यांनी आयुष्यभर इतक्यांदा ऐकला होता, की त्याला ते उत्तर मानतच नसत. त्यांनी कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बसायला जागा शोधली. ती मिळणं सोपं नव्हतं. खोलीभर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकांची पानं पसरली होती. घेरदार झग्यातल्या बायका, मिशाळ पुरुष, यंत्रं, मासे, हाडांचे सापळे. मेहुणी ती कापायची, याचं डोकं त्याच्या धडाला चिकटवायची आणि त्या अजब चित्राच्या मोजून बारा प्रती छापायची. लोक पदरमोड करून असलं काही भिंतीवर का लावतात, हे साहेबांना कधी उमगलं नव्हतं. पण त्यातल्या एका चित्राने गेले सात महिने त्यांची झोप उडवली होती.

"अकरा माझ्याकडे आहेत," ते म्हणाले. "तुझी चित्रं विकणाऱ्या दुकानातून एकेक करून घेतल्या. दोन तर लोकांच्या घरी जाऊन, हातापाया पडून सोडवून आणल्या. आता एकीसाठी कशाला अडवतेस?"

"पण बारा प्रतींचं करणार काय? लोणचं घालणार?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "त्या बाईला तुझ्या ताईचा चेहरा लावलायस तू. ती मला टाकून गेली, चारचौघांत शोभा झाली, तेही सोसलं. तीन वर्षं झाली. पण तिचा चेहरा परक्यांच्या दिवाणखान्यात टांगलेला मला बघवत नाही."

कोर्टात हवा तेव्हा कापरा होणारा त्यांचा आवाज या खेपेला खरोखरच कापला. मेहुणीची कात्री थांबली.

चित्र समोरच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. बागेतल्या दगडी बाकावर कावळ्याच्या डोक्याचा एक सभ्य गृहस्थ चहा पीत बसला होता. बाकाखाली, मुळांच्या जाळ्यात, एक बाई डोळे मिटून पडली होती. मुळं कुठे संपतात आणि तिचे केस कुठे सुरू होतात, हे कळत नव्हतं. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, १२/१२.

शेजारी आणखी चार चित्रं होती. फुग्यात बसून ढगांत निघालेली बाई. देवमाशाच्या तोंडात शिरणाऱ्या आगगाडीतली बाई. तळ्याच्या तळाशी माशांना पुस्तक वाचून दाखवणारी बाई. जिन्याखालच्या कपाटात घुबडांच्या पंगतीत बसलेली बाई. साहेबांनी तिकडे मान वळवली नाही.

त्यांच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी नाव पाहिलं आणि तो कट केला.

"घ्या की. महत्त्वाचं असेल."

"माळी आहे. बागेत पान हललं तरी मला विचारतो."

"चहा टाकू?"

"नको. सकाळी एकदाच, बागेत बसून. तेवढाच."

मेहुणीने मान हलवली. "फुग्याच्या बाराही संपल्या. ही शेवटची काल एका दातांच्या डॉक्टरने पैसे देऊन ठेवलीय, उद्या नेणार. पेशंट बसतात ना, तिथे लावणार म्हणे. दाढदुखीवर उतारा."

"छान! धंदा जोरात आहे की. मग या एकीवाचून तुझं काय अडतंय?" साहेब पुढे झुकले. "आणि ठसा? उद्या तू पुन्हा छापलंस तर?"

तिने खणातून ठशाचा धातूचा पत्रा काढून त्यांच्या हातात दिला. पत्र्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन खोल ओरखडे होते, फुलीसारखे. "बारा झाल्या की ठसा असा मोडायचा. तेरावी निघूच शकत नाही."

साहेबांनी त्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला, मग नखाने त्यांची खोली पाहिली. स्वतः पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची जुनी सवय. फोन पुन्हा थरथरला. पुन्हा कट.

मेहुणीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "न्या," ती एकदम म्हणाली.

"खरंच? काय देऊ?"

"काही नको. घरच्या माणसाकडून काय घ्यायचं."

तिने चित्राची गुंडाळी केली, नळकांड्यात सरकवली आणि झाकण लावलं. साहेबांचा जीव भांड्यात पडला. नळकांडं काखेत येताच त्यांना थट्टाही सुचली. "दिली नसतीस तर कोर्टात खेचणार होतो तुला."

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, भावोजी."

साहेब मोकळेपणाने हसले. कोट चढवून ते दारापर्यंत गेले.

"एक विचारू?" मागून आवाज आला.

"विचार ना."

"चेहरा तर पाचही चित्रांत ताईचाच आहे. मग तुम्हाला एवढं एकच का बघवलं नाही?"

साहेब थांबले. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी भिंतीकडे नीट पाहिलं. फुगा, आगगाडी, तळं, जिना. तेच रुंद कपाळ, हनुवटीवरची तीच खळी, चार वेळा. तिसऱ्यांदा फोन थरथरू लागला.

"आता घ्या," मेहुणी म्हणाली. तिने कात्री खाली ठेवली. "बागेतला बाक हलवायला माणसं आलीत, हेच सांगत असेल माळी. कोर्टाचा कागद आहे त्यांच्याकडे."

साहेबांच्या काखेतून नळकांडं निसटलं आणि घरंगळत तिच्या पायाशी गेलं.

"ताई कुठे असेल, याचे पाच अंदाज होते ते. फुग्यातली तेवढी खरंच निघून गेलेली. सात महिने मी रोज दुकानात फोन करून विचारत होते, भावोजींनी फुग्याचं चित्र नेलं का म्हणून."