सोबत कोणी आहे का?

"तुझ्या पिशवीत सगळं मावतं," म्हणत नवऱ्याने मुंबईतच स्वतःचा पासपोर्ट माझ्या डायपरच्या पिशवीत कोंबला होता.

विमानात तान्हा किंचाळायला लागला आणि थोरलीने माझ्या अंगावर ओकारी केली. लोक वळून बघू लागले. हवाईसुंदरीने पलीकडच्या सीटवरच्या नवऱ्याला विचारलं, "सर, तुम्ही यांच्यासोबत आहात का?"

मेल्याने चक्क मान हलवली. "नाही."

नऊ तास दोन्ही पोरांना मी एकटीनेच सांभाळलं.

लंडनला पासपोर्ट तपासणीत लेकुरवाळ्यांची रांग वेगळी होती. दोघांना घेऊन मी पार झाले, तेवढ्यात मोठ्या रांगेतून तो ओरडला, "अगं, थांब! माझा पासपोर्ट!"

अधिकाऱ्याने मला विचारलं, "हे तुमच्यासोबत आहेत का?"

मी त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि पिशवीची चेन लावली.

"नाही हो."