तिसऱ्या मजल्यावरचा कॅमेरा

बायको जिन्यावरून पडून गेली त्याचं चित्रण उरलेलं नाही, हे ड्रायव्हरला अकराव्या दिवशी कळलं.

"पुसलं?" तो म्हणाला. "कोणी पुसलं?"

"कोणी नाही हो," इमारतीचा मॅनेजर म्हणाला. "आपोआप होतं ते. जागा भरली की मशीन जुनं काढून टाकतं."

"खाली फाटकावर पाटी आहे. चित्रण तीस दिवस ठेवलं जातं. मी बस चालवतो. पाट्या नीट वाचायची सवय आहे मला."

मॅनेजरने टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे केला. त्याच्या मागच्या पडद्यावर सगळे कॅमेरे चौकोनाचौकोनात दिसत होते. एका चौकोनात तिसऱ्या मजल्याचा जिना होता. रिकामा. खिडकीला लावलेलं प्लास्टिक तेवढं फडफडत होतं.

"काका, डॉक्टर म्हणाले ना, पाय घसरला म्हणून. आता तुम्ही कशाला उगीच..."

"काका म्हणू नका. फार तर चार वर्षांनी मोठा असेन मी तुमच्यापेक्षा."

कशाला हवंय ते त्याने सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशीच त्याच्या मोठ्या बहिणीने विचारलं होतं, "पण तिचं तिथे काय काम होतं रे?" इमारत शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सगळी ऑफिसं, ओळखीचं कोणी नाही. बायको घरी बसून कोणाकोणाची आकडेमोड करून द्यायची. बाहेर पडायची ती भाजीला, नाहीतर स्वतःच्या बहिणीकडे. ताईचा तो प्रश्न एव्हाना सगळ्या नातेवाइकांत फिरून आला होता, आणि फिरताना त्याला शेपूट फुटलं होतं.

त्याच्या खिशात तिची चिठ्ठी होती, फ्रिजवर लावून गेलेली. 'बाहेर जातेय. १:३० पर्यंत येते. दूध तापवून ठेवा.' शून्याच्या पोटात नेहमीसारखी तिरकी रेघ. "शून्याला कशाला ओरखडतेस गं?" तो चिडवायचा. "घाईत कोणाला एक वाटू नये म्हणून," ती म्हणायची.

फाटकावरच्या वहीत 'कोणाकडे' या रकान्यात तिने नुसतं 'तिसरा मजला' लिहिलं होतं. वॉचमन म्हणाला होता, "ताई कुठल्याच ऑफिसात गेल्या नाहीत. जिन्यातच उभ्या होत्या, वर बघत. मला वाटलं, कोणाची तरी वाट बघतायत."

कोणाची? अकरा दिवस हे एकच डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं. ते चित्रण बघितलं असतं तर एकदाचं कळलं असतं. तिच्यावर रागवायचं की रडायचं, तेवढं तरी ठरलं असतं.

कॅमेरे बसवणाऱ्या कंपनीचा टेक्निशियन फाईल घेऊन आला. मॅनेजरने त्यालाच पुढे केलं.

"जिन्याच्या चार कॅमेऱ्यांची डिस्क वेगळी आहे," टेक्निशियन म्हणाला. "ते कॅमेरे सारखं रेकॉर्ड करत नाहीत. समोर काही हललं तरच. जिन्यात माणसांची ये-जा दिवसाचे सात-आठ तास धरली आणि तीस दिवसांना एक डिस्क पुरेल असं काढलं. पण यांनी सगळ्या मजल्यांवर काचांऐवजी प्लास्टिक लावलंय."

"तात्पुरतं आहे ते," मॅनेजर म्हणाला.

"कॅमेरे बसवले तेव्हापासून तात्पुरतंच आहे, साहेब. ते चोवीस तास हलतं, म्हणून रेकॉर्डिंगही चोवीस तास. डिस्क नऊ दिवसांत भरते."

"हा हिशेब केला कोणी?" ड्रायव्हरने विचारलं.

"बाहेरून करून घेतो आम्ही. फोनवर माहिती द्यायची, कागद कुरियरने येतो. मी तर अजून तोंडही पाहिलेलं नाही."

"म्हणजे जिना न बघता जिन्याचा हिशेब?" ड्रायव्हर उभा राहिला. खुर्ची मागे भिंतीला आपटली. "मी रस्ता न बघता गाडी चालवली तर जोड्याने माराल मला! एकदा येऊन त्या जिन्यात उभं राहायला काय झालं होतं? पाय मोडले होते का?"

"दादा, बसा ना जरा."

"नाही बसत. नाव द्या. माझी बायको तिथे मेली आणि कोण ते दीडशहाणं घरात पंख्याखाली बसून आकडे खरडत होतं! ज्या हाताने हे लिहिलं तो हात मोडून ठेवतो."

मॅनेजर मधे पडला नाही. आपल्यावरचं दुसऱ्यावर गेलं याचं त्याला बरंच वाटत असावं.

"घ्या, तुम्हीच बघा." टेक्निशियनने फाईल पुढे सरकवली. "दोन कागद आहेत. दुसरा आला तेव्हा मी रजेवर होतो. वाचलासुद्धा नाही मी तो."

पहिल्या कागदावर लिहिलं होतं: 'जिना, ४ कॅमेरे, ३० दिवस, १ डिस्क.' शून्याच्या पोटात तिरकी रेघ होती. दुसऱ्या कागदावर बायको गेली त्याच्या आदल्या दिवसाची तारीख होती. 'चित्रण नऊच दिवस राहतं असं तुमच्या ऑफिसातून कळलं. म्हणजे जिन्यात दिवसभर काहीतरी हलतंय. मी न बघता लिहिलं, चूक माझी. उद्या स्वतः जाऊन तिसऱ्या मजल्यावर उभी राहते आणि कॅमेऱ्यासमोर काय येतं ते बघते. तोवर आणखी ३ डिस्क बसवून घ्या.'

त्या अजून बसवलेल्या नाहीत.