पाहुणी उपाशी जाऊ नये

तपासणीला आलेल्या शेरिलबाईंच्या हातून पेन खाली पडलं आणि आई वाकायच्या आत ओलिंकाने झडप घालून ते उचललं.

"मी उचललं असतं की," शेरिलबाई म्हणाल्या.

"असू द्या."

पेन पडलं की पाडलं, हे ओलिंकाला कळेना. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि या गावाचं तोंड गेल्याच हिवाळ्यात पोळलं होतं. राज्याच्या आरोग्य आणि समाजसेवा खात्याचा माणूस तपासणीला आला, तेव्हा शेजारच्या वासिलीकाकांनी दार स्वतः उघडलं. "कसे आहात?" असं विचारल्यावर "झकास" म्हणाले. म्हाताऱ्या माणसाने परक्यापुढे रडगाणं गाऊ नये, अशी इथली रीत. तेवढ्यावरून त्यांच्या मदतनिसाचे सरकारी पगाराचे तास निम्म्यावर आले, आणि काका दूरच्या अँकरेज शहरात वृद्धाश्रमात गेले.

आईला सांभाळण्याचे तास खातं ओलिंकाला द्यायचं. त्यावर दोघींचं चालायचं. ते गेले तर ओलिंकाला पोटासाठी गाव सोडून मासळीच्या कारखान्यात जावं लागणार आणि आईला काकांच्या वाटेने. म्हणून तिने सकाळीच आईला बजावलं होतं, काहीही झालं तरी खुर्चीतून उठायचं नाही.

शेरिलबाईंनी मांडीवरच्या लॅपटॉपवर काहीतरी टिपलं. "घर छान ठेवलंय. कोण आवरतं?"

"मी."

"आजींच्या सपाता सुंदर आहेत. मणी कुणी ओवले?"

"मावशीने," ओलिंकाने ठोकून दिलं. मणी आईनेच ओवले होते, बोटं वळत होती तेव्हा. पण एवढं सगळं ही बाई कुठे लिहिणार? कौतुकाच्या आड प्रश्न होता आणि प्रश्नाच्या आड कात्री.

आई प्रत्येक उत्तराआधी लेकीकडे बघत होती. ते शेरिलबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

"आजींनाच बोलू द्या ना."

"तिला तुमची भाषा येत नाही. फोनवर दुभाषी द्या म्हणून तुमच्या खात्याला सांगितलं होतं मी."

"लाइनच लागत नाहीये. तुम्ही सांगाल तेच मला लिहावं लागणार." यातला 'तेच' ओलिंकाला टोचला.

बाई वाईट नव्हती. रोज नव्या गावात, नव्या घरात कण्हणं ऐकून तिचे कान किटले होते, इतकंच.

"हात वर करा म्हणावं."

आईने हात उचलले. ते खांद्यापर्यंत आले आणि अडकले. खरोखरच अडकले, तिच्या दाबलेल्या ओठांवरूनच ते दिसत होतं. तरी तिने लेकीकडे बघितलं, आणि शेरिलबाईंनी चष्म्यावरून दोघींकडे. खरं दुखणंही शिकवल्यासारखं दिसत होतं. हे आपणच करून ठेवलं, या विचाराने ओलिंकाला स्वतःची चीड आली.

तेवढ्यात नदीवरून, बाईंना न्यायला आलेल्या छोट्या विमानाची घरघर आली. शेरिलबाईंनी लॅपटॉप मिटला.

"वरचे लोक ठरवतील, पण तास कमी करण्यासारखं मला तरी काही दिसत नाही."

ओलिंकाचा जीव भांड्यात पडला. बाईंचा जाड कोट आणायला ती दाराकडे वळली. मागे खुर्ची करकरली.

आई उभी होती. एक हात टेबलावर, एक भिंतीवर, असं करत ती कपाटापाशी पोचली. वाळवलेल्या साल्मन मासळीचं ताट आणि सीलच्या तेलाची वाटी तिने बाहेर काढली. परतताना धरायला हात उरला नव्हता, तरी ती आली. आता दोन दिवस ती अंथरुणातून उठणार नाही, रात्री कण्हेल, कूस बदलायलाही हाका मारील, हे ओलिंकाला ठाऊक होतं. गुडघ्यांची थरथर लांब झग्याखाली झाकली गेली होती. वरून दिसत होता तो फक्त हसरा चेहरा.

"आई, काय करतेस हे?"

"बाई काही न खाता निघालीये. माझ्या दारातून आजवर कुणी उपाशी गेलं नाही."

शेरिलबाईंनी ताटाकडे बघितलं, मग कपाटाकडे, मग आईकडे.

"मला काही घ्यायची परवानगी नाही हो, आजी," त्या हळूच म्हणाल्या. हातमोजा काढला, खुर्ची पुढे ओढली आणि लॅपटॉप पुन्हा उघडला. "विमान थांबेल थोडं."

आईला शब्द कळले नाहीत, खुर्ची ओढलेली मात्र कळली. तिचा चेहरा उजळला. ताट तिने बोटांनी बाईंच्या जवळ सरकवलं.

"बघ, बसली की नाही? सकाळपासून उगाच संशय घेत होतीस बिचारीवर."

"काय म्हणतात त्या?" शेरिलबाईंनी टाइप करता करता विचारलं.

ओलिंका आईला बसवायला पुढे धावली. तोवर आई किटली घेऊन पाणी भरायला निघाली होती.